सरोजिनी हुपरीकर आणि ‘एकसूत्र’

सरोजिनी हुपरीकरला लहानपणापासून कशाचीही शिसारी चटकन यायची. चहावर साय दिसली की कप बाजूला. कुणी बोट ओलं करून पान उलटलं की त्या पुस्तकाला ती पुन्हा हात लावायची नाही. तिचे वडील अप्पा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत, घराजवळच्याच हायस्कुलात गणित शिकवायचे. ते शेजाऱ्यांना सांगत, "आमच्या सरोजला निम्मं जग धुऊन हवं असतं." सांगून आलेली दोन स्थळं तिनं स्वतःच परतवली. एक मुलगा पोहे खाता खाता बोटं चाटत बोलत होता. दुसऱ्यानं आपल्या साहेबाला कसं गंडवलं ते फुशारकीनं सांगितलं. दोघांची तिला सारखीच किळस आली आणि तिनं अप्पांना आत बोलावून तसं स्पष्ट सांगितलं.

संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून ती पुण्याला गेली, कॉम्प्युटरचा वर्षभराचा कोर्स करून परत आली. तेव्हा चौऱ्याऐंशी साल होतं. कोल्हापुरात कॉम्प्युटर बघितलेली माणसं थोडी होती, त्यावर काम करणारी त्याहून थोडी. अशात ‘समग्र कॉम्प्युटर्स’ नावाच्या मुंबईच्या कंपनीनं शाहूपुरीत एका बेअरिंगच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या आणि तिथं सरोजिनीला नोकरी मिळाली. कंपनीचे डायरेक्टर वागळे मुलाखत घ्यायला स्वतः आले होते. सफारी सूट, बोटात पोवळं, आणि समोरचा माणूस आपला जुना मित्र असल्यासारखं बोलणं.

"कारखान्यात काय होतं माहीत आहे?" वागळे तिला म्हणाले. "ऑर्डर घेणाऱ्याला गोदामात काय आहे ते माहीत नसतं. गोदामवाल्याला भट्टीवर काय चाललंय ते माहीत नसतं. हिशेबनिसाला तर काहीच माहीत नसतं. आमचं ‘एकसूत्र’ या सगळ्यांना एका दोरीत ओवतं. ऑर्डर आली की कुठला माल कधी ओतायचा, कच्चा माल किती लागणार, कधी रवाना होणार, सगळं एका पडद्यावर."

सरोजिनीला हे फार आवडलं. नीटनेटकं, स्वच्छ, कुठं काही सांडलेलं नाही. ती म्हणाली, "मी उद्यापासून येतो." कोल्हापूरच्या मुलींसारखी ती ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलायची. वागळे त्यावर पोट धरून हसले, पण नोकरी दिली.

मुंबईच्या ऑफिसात शिकायला गेल्यावर तिला समजलं, की ‘एकसूत्रा’तला फक्त हिशेबाचा भाग तयार आहे. उत्पादनाच्या नियोजनाचा भाग कुठं आहे असं विचारल्यावर तिथला प्रोग्रॅमर म्हणाला, "तो ब्रोशरमध्ये आहे." आजूबाजूची सगळी हसली. तिला काही हसू आलं नाही. तिनं वागळ्यांना विचारलं. ते जराही शरमले नाहीत.

"पहिलं गिऱ्हाईक मिळालं की त्याच्याच कारखान्यात बसून लिहायचं. ते शिकवतात, आपण लिहितो. दोघांचा फायदा."

यात वावगं काय, असं तिनं स्वतःला समजावलं आणि कोल्हापूरला परतली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे धनपाल मगदूम. शिरोळ तालुक्यातल्या जैन शेतकरी घराण्यातला हा माणूस ऊस भावांवर सोपवून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आला आणि त्यानं फौंड्री घातली. पंपाचे आणि इंजिनाचे बिडाचे भाग तो ओतून द्यायचा. उंचापुरा, पांढरा हाफ शर्ट, आणि त्या शर्टावर दुपारपर्यंत काजळीचे पंजे. सरोजिनी त्याला अण्णा म्हणू लागली. काळी रेती, धूर, घाम, तंबाखूच्या पिचकाऱ्या या सगळ्यात ही नाक मुरडणारी पोरगी टिकायची नाही अशी अण्णाची खात्री होती. पण तिला त्या काजळीचा त्रास झाला नाही. साबणानं जाणारी घाण तिला घाण वाटायचीच नाही, हे तिचं तिलाही तिथंच कळलं.

वर्षभर ती लुनावरून रोज शिरोलीला गेली. धनपालअण्णानं तिला भट्टीपासून सगळं शिकवलं. बीड, भंगार आणि कोक किती घालायचा. कुठला भाग ओतताना हमखास फुगे धरतो आणि शंभरातले किती फेकावे लागतात. कुठलं गिऱ्हाईक उशीर खपवून घेतं, कुठलं घेत नाही. कुठल्या भागाला दर किती खाली आणता येतो, त्याच्याखाली गेलं तर घरातलं जातं.

"अण्णा, हे शेवटचं पण मशीनमध्ये घालायचं?" तिनं एकदा विचारलं.

"घाल की. लपवलं तर ही पेटी चुकीचं सांगंल. आन तुझ्यापासनं काय लपवायचं? तू काय परकी हाईस व्हय?"

दुपारी जेवण धनपालच्या घरून यायचं. कांदा-लसूण नसलेली आमटी, भाकरी, चटणी. बायको राजमती कधीकधी स्वतः डबा घेऊन यायची आणि सरोजिनीचं संपेपर्यंत समोर बसून राहायची. ती फार बोलायची नाही. "खा. हाडं दिसाल्यात," एवढंच.

एके दिवशी पडद्यावर पुढच्या आठवड्याचा बेत उमटला. कुठल्या दिवशी कुठले साचे भरायचे, भट्टी किती वेळ चालवायची, रवाना काय होणार. अण्णानं तो फळ्यावरच्या आपल्या बेताशी ताडून बघितला. मशीनचा बेत सरस होता. एक दिवस वाचत होता. अण्णा पळत मोल्डिंगच्या शेडमध्ये गेला आणि ओरडला, "आरं, जमलं रं!" महिन्याभरात त्यानं फळा पुसून टाकला. त्याचा म्हातारा फोरमन, जो इतकी वर्षं हा बेत डोक्यात ठेवायचा, निवृत्त होऊन मुरगूडला शेतीवर गेला. त्याच्या जागी कुणी नेमायची गरज उरली नाही.

त्यानंतर वागळे कोल्हापूरला आले. स्टेशन रोडवरच्या एका हॉटेलात त्यांनी आपल्या माणसांची बैठक घेतली. सरोजिनीला वाटलं, कौतुक होणार. झालंही, दोन वाक्यांत. मग वागळ्यांनी पुढचा बेत मांडला. ‘एकसूत्र’ची नवी आवृत्ती येणार. ती फक्त कंपनीच्याच मशीनवर चालणार. जुनी आवृत्ती मार्चअखेर बंद. जुन्यातली माहिती नव्यात न्यायचं काम कंपनीशिवाय कुणाला जमणार नाही, अशी रचना मुद्दाम केलेली आहे. आणि कोल्हापूरपासून बेळगावपर्यंतच्या प्रत्येक फौंड्रीला हेच पॅकेज, ‘फौंड्री तज्ज्ञांच्या वर्षानुवर्षांच्या संशोधनातून’, असं म्हणून विकायचं.

"कुठले तज्ज्ञ?" सरोजिनीनं विचारलं.

"म्हणजे तुम्हीच की, मॅडम!" वागळे म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"हे मगदूमअण्णांनी शिकवलंय. आणि त्यांची आवृत्ती चांगली चाललीय. ती बंद कशाला करायची?"

वागळ्यांनी काजूची वाटी तिच्यापुढं सरकवली. "चांगली चाललीय म्हणूनच. ज्याचा कारखाना आता आपल्याशिवाय हलत नाही, तो दुसरीकडं जाणार कुठं? गिऱ्हाईकाला आत यायचं दार मोठं ठेवायचं असतं, बाहेर जायचं लहान. हा धंद्याचा पहिला धडा. लिहून घ्या."

बाकीचे खरंच लिहून घेत होते. सरोजिनीनं काजूला हात लावला नाही. रात्री अप्पांना सांगितलं, तेव्हा ते इतकंच म्हणाले, "तू सोड ती नोकरी." पण आपण लिहिलेलं काम असं दुसऱ्याच्या हाती टाकून जायचं तिच्या जिवावर आलं. आपण आत असलो तर अण्णाचं नुकसान तरी अडवू, असं तिला वाटत होतं.

पुढच्या महिन्यात जयसिंगपूरला तात्यासाहेब नलवड्यांच्या फौंड्रीत ‘एकसूत्र’ दाखवायचं ठरलं. तात्यासाहेब म्हणजे धोतर, टोपी, तोंडात पान, आणि धंद्यात धनपाल मगदूमचे सगळ्यात जवळचे स्पर्धक. पुण्याच्या एकाच पंप कंपनीला दोघंही माल द्यायचे. मॅटॅडोरमधून मशीन नेलं, तात्यासाहेबांच्या ऑफिसात मांडलं. वागळ्यांनी खिशातून एक फ्लॉपी काढून तिच्या हातात दिली. "यात नमुन्याची माहिती आहे. मुंबईहून तयार करून आणलीय."

सरोजिनीनं ती घातली. पडद्यावर वर ‘नमुना उद्योग’ असं नाव आलं. खाली हिरव्या अक्षरांत भागांची ओळ लागली आणि तिचे हात थांबले. पंपाच्या बॉडीमागं शंभरात किती फेकल्या जातात तो आकडा तिनं स्वतः भरला होता. तिला तो पाठ होता. गिऱ्हाईकांची नावं तेवढी आद्याक्षरांवर आणली होती, पण या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही ती ओळखू आली असती. शेवटच्या रकान्यात अण्णाचे दर होते. वरचे, आणि ज्याच्याखाली जाता येत नाही तेसुद्धा.

"साहेब," ती हळू आवाजात म्हणाली, "हे मगदूमांचं आहे."

"पुढचं पान घ्या, मॅडम."

तिनं घेतलं नाही. वागळ्यांनी तिच्या खांद्यावरून हात पुढं करून स्वतःच बटण दाबलं.

"थांबा की पावणं," तात्यासाहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावला. "घाई काय हाय? ते मागचं पान ऱ्हाऊ द्या जरा."

वागळ्यांनी मागचं पान आणलं आणि तिथंच ठेवलं. तात्यासाहेबांचे ओठ हलत होते. ते दर पाठ करत होते. वागळे खिडकीबाहेर बघत होते, अगदी दुसऱ्याची प्रार्थना चालू असताना गप्प राहावं तसे. ही चूक नव्हती. हे मुद्दाम चाललं होतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

सरोजिनीनं खाली वाकून भिंतीतली वायर उपटली. पडदा आवळत एका ठिपक्यावर आला आणि विझला.

"लाईट गेली व्हय?" तात्यासाहेब म्हणाले.

"लाईट न्हाई गेली. मी बंद केलं. हे धनपाल मगदूमांचं आहे, आणि तुम्हाला ते ओळखू आलंय."

"नमुना आहे, तात्यासाहेब," वागळे हसून म्हणाले. "मॅडम जरा हळव्या आहेत."

तात्यासाहेबांनी पानाचा रस गिळला. तिच्याकडं बघितलं, मग वागळ्यांकडं. "एक इचारू? उद्या माझं बी असंच मगदुमाला दावशीला?"

"छे! तसं आम्ही लिहून देऊ."

"द्या मग," तात्यासाहेब म्हणाले. "घेतो मी." आणि त्यांनी चहा मागवला.

तिला वाटलं होतं, हा म्हातारा निदान चिडेल. आपल्या डोळ्यांसमोर दुसऱ्याचं घर उघडं केलं, उद्या आपलंही करतील, एवढं तरी त्याला लागेल. पण त्याला ते लागलं नव्हतं; त्याला फक्त स्वतःपुरती कडी हवी होती. ती बाहेर आली. आवारातल्या नळावर दोनदा तोंड धुतलं, तरी घशातली कडवट चव जाईना. मागून वागळे आले.

"एक गिऱ्हाईक उघडं केल्याशिवाय दुसरं उघडत नाही. सगळ्या कंपन्या असंच करतात. गाडीत बसा."

"मी एस.टी.नं जातो," ती म्हणाली. आणि स्टँडकडं चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिरोलीला गेली आणि धनपालअण्णाला जे झालं ते सगळं सांगितलं. अण्णा एका उपड्या साच्याच्या पेटीवर बसला. पायाजवळची मूठभर रेती उचलून चाळवत राहिला.

"म्हंजे पुण्याची ऑर्डर गेली म्हणायची," तो शेवटी म्हणाला.

"हो अण्णा. बहुतेक."

"लै वंगाळ केलं." त्यानं हातातली रेती झटकली. मग मान वर करून विचारलं, "पर मार्चनंतर आपलं मशीन चालू ऱ्हाईल न्हवं?"

तिला क्षणभर कळेना, हा माणूस काय विचारतोय.

"अण्णा, त्यांनी तुमचे दर नलवड्यांना दाखवले!"

"आईकलं मी. पर फळा पुसला न्हवं मी? फोरमन गेला. आता उद्या काय ओतायचं ते त्या पेटीबिगर मला बी सांगता येत न्हाई. मी कुठं जाऊ, सांग की? नवं म्हणत्यात ते घ्यायलाच पायजे."

ज्यानं लुटलं त्याच्याकडंच हा माणूस पुन्हा जाणार होता, आणि त्याचा हात धरून त्या दारातून आत नेणारी आपणच होतो. तिला वागळ्यांची किळस येत होती, तात्यासाहेबांची येत होती, आणि त्या घटकेला समोर बसलेल्या या भल्या माणसाचीही यायला लागली. ती उठली. तेवढ्यात राजमती डबा घेऊन आली. "जेव," ती म्हणाली. सरोजिनी मान हलवून निघून गेली. त्याच दुपारी तिनं राजीनामा दिला.

पुण्याची ऑर्डर गेली. तात्यासाहेबांनी दर लावला तो अण्णाच्या शेवटच्या दराखाली अगदी थोडका. मग मार्चमध्ये वागळे नव्या करारावर सह्या घ्यायला शिरोलीला आले. फौंड्री भागीदारीत होती, धनपाल आणि राजमती, म्हणून सही दोघांची लागणार होती. एरवी अण्णा कागद घरी न्यायचा आणि राजमती चुलीपाशी बसून सही करायची. त्या दिवशी ती स्वतः ऑफिसात आली आणि खुर्चीवर बसली. पुढं काय झालं ते सरोजिनीला खुद्द अण्णानंच सांगितलं, निम्मं चिडून, निम्मं कौतुकानं.

"आमचं ह्यात काय काय हाय?" राजमतीनं विचारलं.

"सगळंच की, वहिनी," वागळे म्हणाले.

"ते आमच्याजवळ ऱ्हातंय का तुमच्याजवळ?"

"ते सिस्टीममध्ये राहतं."

"आन सिस्टीम कुणाची?"

वागळ्यांनी समजावायला सुरुवात केली. अण्णा मध्येच म्हणाला, "तुला न्हाई कळायचं त्यातलं."

"आपलं दर जयसिंगपुरात उघडं करून दाखवलं एवढं कळतंय मला," राजमती म्हणाली. "माझ्या दारातनं एक पोरगी त्यापायी न जेवता गेली. मी सही करत न्हाई." आणि तिनं पेनाचं टोपण लावून पेन वागळ्यांना परत दिलं.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला मशीननं पडद्यावर ‘मुदत संपली’ एवढंच दाखवलं. आतली माहिती आतच राहिली. अण्णानं मुंबईला फोन लावले. ती माहिती आमच्या पद्धतीत साठवलेली आहे, तुम्हाला काढून मिळणार नाही, असं उत्तर आलं. तो उन्हाळा फार वाईट गेला. परत फळा आला, पण तो भरणारं डोकं गेलं होतं. चुकीचे साचे भरले गेले, वितळलेलं बीड दोनदा वाया गेलं, एक जुनं गिऱ्हाईक तुटलं. अण्णा उठता बसता राजमतीला आणि सरोजिनीला शिव्या घालायचा.

राजमती रिक्षानं मंगळवार पेठेत आली, अप्पांना नमस्कार केला आणि सरोजिनीला म्हणाली, "चल. तू केलं तसंच दुसरं कर. ह्या खेपंला आमचं म्हणून कर."

सरोजिनीनं बाजारातलं एक साधं, लहान मशीन घ्यायला लावलं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसली. जुने छापील कागद जमवून माहिती परत भरली. तिच्या एकटीच्यानं ते लवकर होईना; दिवाळी गेली, दुसरा पाडवा आला. जे झालं ते पहिल्याइतकं देखणं नव्हतं. हळू चालायचं, भट्टीचा बेत कधीकधी हातानं सुधारावा लागायचा. पण काम संपल्यावर तिनं सगळ्या प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या अण्णाच्या हातात दिल्या. "माझ्याशी भांडण झालं तर दुसऱ्या कुणालाही बोलवून ह्यात दुरुस्ती करून घ्या," ती म्हणाली. अण्णानं त्या तिजोरीत ठेवल्या. आता तो शिव्या देत नव्हता, पण पहिलं मशीन कसं वेगानं पळायचं ते मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि सरोजिनीला ते निमूट ऐकावं लागायचं.

पुढं तिनं उद्यमनगरात एक खोली घेतली. लहान लहान कारखान्यांची कामं करायची. पोटापुरतं मिळत होतं. ‘समग्र’ मात्र फोफावली. तात्यासाहेबांच्या मागोमाग सांगली, इचलकरंजी, बेळगाव. बहुतेकांना जयसिंगपूरची गोष्ट ठाऊक होती. तिनं ज्यांना सांगितली त्यांनी चुकचुक केलं, आणि करारावर सही केली. "आपल्यात लपवण्यासारखं काय हाय?" असं एक कारखानदार तिला म्हणाला, आणि त्याच दमात मगदुमाचे जुने दर विचारले. तेव्हापासून तिनं सांगणंच सोडलं.

एकोणनव्वद साली कोल्हापुरात औद्योगिक प्रदर्शन भरलं. ‘समग्र’चा गाळा सगळ्यात मोठा. सरोजिनी सहज आत शिरली आणि थबकली. मागच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा रंगीत फोटो होता, शिरोलीला ‘एकसूत्र’ चालत होतं तेव्हाचा. भट्टीपाशी धनपालअण्णा उभा, काजळीचा शर्ट, तोंडभर हसू. खाली लिहिलं होतं, ‘समाधानी ग्राहक’.

"मॅडम!" वागळे हात जोडून पुढं आले. केस पांढरे झाले होते, पोवळं तेच. "तुमचीच आठवण काढत होतो. दक्षिण महाराष्ट्र सांभाळायला माणूस हवाय. मागचं सोडून द्या."

"तो फोटो काढा."

"कोण ओळखतंय त्यांना?"

त्यांना खरंच तसं वाटत होतं. सरोजिनीनं पर्स खांद्याला अडकवली, स्टूल ओढलं, वर चढली आणि फोटो खिळ्यांसकट खाली ओढला. पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता, अंगापेक्षा मोठा. गाळ्यातली पोरं धावली, लोक जमले. "सीन करू नका हो," वागळे दात ओठ खात हसत म्हणाले. एवढ्या गर्दीत एका बाईच्या हातून हिसकावून घ्यायचा धीर कुणाला झाला नाही. ती तो फोटो काखेत मारून दरवाजातून बाहेर पडली. एकही रिक्षावाला तो आत घ्यायला तयार होईना, तेव्हा एका टेंपोत टाकून तिनं तो मगदुमांच्या घरी नेला.

राजमतीनं फोटो भिंतीला टेकवला आणि नवऱ्याच्या हसऱ्या तोंडाकडं बराच वेळ बघत राहिली.

"कसा हसालाय बघ," ती म्हणाली. तिनं कोयता आणला, पुठ्ठ्याचे तुकडे केले आणि एकेक करून बंबात घातले.

अण्णा धूर बघून बाहेर आला. काय जळतंय ते त्याला सांगितलं. तो कठड्यावर बसला, बंबाकडं बघत.

"फोटो तरी झ्याक हुता की," तो म्हणाला.